निळं हृदय कुणाशेजारी बसतं?

इमोजी हा चळवळीचा विषय आहे का, असं आम्हाला वारंवार विचारलं जातं. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. आणि तेच कार्यकर्ते रोज सकाळी सहाला पाच-पाच ग्रुपवर जोडलेले हात, निळं हृदय आणि हत्ती अशी माळ टाकून जय भीम घालतात. एक अक्षर न लिहिता आपण रोज सकाळी आपली ओळख, आपला इतिहास आणि आपलं राजकारण जाहीर करतो, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नाही. जी भाषा आपण वापरतो, तिच्यात जात कशी बोलते हे पाहणं आपलं काम नाही, तर मग कुणाचं?

आम्ही भिवंडी तालुक्यात अकलोलीच्या परिसरात काम करतो. तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं, एका बाजूला वज्रेश्वरी, दुसऱ्या बाजूला गणेशपुरी. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते. आमची पोरं कुणी भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला, कुणी रिक्षावर, कुणी कॉलेजात. प्रत्येकाच्या फोनवर किमान चार ग्रुप असतात. भावकीचा, जयंती मंडळाचा, वर्गाचा किंवा कामावरचा, आणि एक ज्यात घरच्यांना घेतलेलं नाही असा. एकच पोरगा या चारही ग्रुपवर एकच चित्र टाकतो आणि चारही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा निघतो. समाजशास्त्र शिकताना संदर्भ, संकेत, अर्थ असे शब्द आम्ही पुस्तकात पुष्कळ वाचले. त्यांचा खरा अभ्यासवर्ग या फोनांमध्ये भरतो.

साधं बघा. आमच्या एका मामांनी नात्यातल्या मयताच्या बातमीखाली "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून पुढे 😂 हे चित्र टाकलं. डोळ्यांतून पाणी येतंय ना, मग रडणारंच असणार! त्यांचं काय चुकलं? ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून हेच चित्र निवडलं होतं, 'आनंदाश्रू' अशा अर्थाचं त्याचं नाव आहे, पण मामांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आता उलटं बघा. मामांचाच नातू मित्राच्या विनोदाखाली कवटी 💀 टाकतो, म्हणजे "हसून हसून मेलो". ओक्साबोक्शी रडणारं 😭 टाकतो, तेव्हाही तो बहुधा हसतच असतो. निळी टोपी 🧢 म्हणजे "फेकू नकोस". आजोबा रडायला गेले आणि हसले, नातू हसायला गेला आणि मयतासारखा दिसला. एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

आमचा मुद्दा असा की एकटं चित्र फार थोडं बोलतं. त्याच्या शेजारी कोण बसलंय यावर खरा अर्थ ठरतो. जोडलेले हात 🙏 घ्या. हे चित्र आलं जपानी फोनमधून, तिथे ते विनंती आणि आभाराचं होतं. आपल्याकडे फुलांच्या गुच्छाबरोबर आलं की कुणीतरी गेलं. निळ्या हृदयाबरोबर आलं की जय भीम. भगव्या झेंड्याबरोबर आलं की दुसऱ्या कुणाचा तरी जयघोष. हसणाऱ्या तोंडाबरोबर आलं की "हात जोडतो बाबा, आता गप बस". आणि लांबलचक वादानंतर नुसतं एकटं आलं की चर्चा संपली, तुम्ही हरलात किंवा समोरचा कंटाळला. व्याकरण शिकवायला कुणी मास्तर नाही, तरी पोरं चुकत नाहीत.

वर केलेली तर्जनी ☝️ ही त्याहून मजेची. आमची पोरं ती निळ्या हृदयाबरोबर आणि निळ्या पुस्तकाबरोबर टाकतात: ☝️📘💙. कुणाला समजावून सांगायची गरज नाही, चौकाचौकात उभा असलेला बाबासाहेबांचा पुतळा आणि हातातलं संविधान. आमच्यातला एकजण भिवंडी शहरात यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्याचा मुस्लीम सहकारी त्याला म्हणाला, "तू भी ये उंगली डालता है?" त्याच्या लेखी ती तर्जनी म्हणजे अल्लाह एक आहे याची साक्ष. दोघं हसले, चहा प्याले. दोन समाजांची दोन मोठी प्रतीकं एकाच चित्रात राहतात आणि भांडत नाहीत, हे भिवंडीसारख्या गावात आम्हाला महत्त्वाचं वाटतं. पण तीच तर्जनी भलत्या ग्रुपवर, भलत्या दिवशी, भलत्या नावाच्या माणसाने टाकली तर तिचं काय होऊ शकतं, हेही आम्हाला कळतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून काय पेटलं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता हृदयांकडे येऊ. खरं राजकारण तिथे आहे.

🧡💙 म्हणजे जय शिवराय, जय भीम. 💚💙 म्हणजे जय भीम, जय मीम. ❤️💙 म्हणजे लाल सलामवाले आणि निळे एकत्र. 💛💙 म्हणजे ओबीसी आणि बौद्ध. गेल्या दहा वर्षांतल्या आघाड्यांचा इतिहास कुणाला लिहायचा असेल, तर वर्तमानपत्रं नंतर वाचावीत, आधी जयंतीच्या दिवशीची स्टेटसं बघावीत. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र होते, औरंगाबादची जागा निघाली, तेव्हा आमच्याकडे हिरवं-निळं जोडीने फिरत होतं. विधानसभेच्या आधी ती युती मोडली, आणि बऱ्याच जणांच्या नावापुढचं हिरवं हृदय गुपचूप गेलं. कुणी निवेदन दिलं नाही, राजीनामा दिला नाही. एक बटण दाबलं. रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर, २०१६ साली, विद्यापीठांत लाल-निळं एकत्र आलं. त्यावर बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांच्यात जो फरक मांडला त्याचं काय करायचं, हा वाद मात्र दोन हृदयं शेजारी ठेवून मिटत नाही.

आमचा आक्षेप एकत्र येण्याला नाही. आक्षेप आहे तो स्वस्तात एकत्र येण्याला. भगवं-निळं हृदय टाकणारा मित्र आपल्या बहिणीचं लग्न निळ्या घरात लावून द्यायला तयार आहे का? गावच्या विहिरीवर, स्मशानात, भाड्याच्या खोलीत तो आपल्या बाजूने उभा राहणार आहे का? असेल तर त्याने हृदय नाही टाकलं तरी चालेल. नसेल तर ती जोडी म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीत दोन तास नाचून घरी गेलेला पाहुणा. काहींना आमचं हे म्हणणं कडू लागेल. लागू दे.

थोडं विषयांतर करतो. या चित्रांचा कारखाना महाराष्ट्रात नाही. १९९९ साली जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ छोटी चित्रं बनवली, त्यातून ही जगभर पसरली. आता कोणतं चित्र यायचं आणि कोणतं नाही, हे कॅलिफोर्नियातली यूनिकोड नावाची संस्था ठरवते. निळं हृदय आणि हत्ती त्यांच्या यादीत २०१० पासून आहेत. नारिंगी हृदय, ज्याला आपल्याकडे सरसकट भगवं म्हणतात, ते २०१७ साली आलं. म्हणजे या एका बाबतीत निळे सात वर्षं पुढे होते! धम्मचक्र ☸️ तर चिन्ह म्हणून १९९३ पासूनच त्यांच्या संचात आहे. पण चर्च आहे, मशीद आहे, सिनेगॉग आहे, जपानी शिंतो देऊळ आहे, २०१९ पासून हिंदू मंदिरही आहे. स्तूप किंवा विहार नाही. जगात इतके बौद्ध असून नाही. ज्यांच्या हातात शाई असते त्यांचीच वास्तू कागदावर येते, हे काही नवं नाही. २०१५ साली त्यांनी कातडीचे पाच रंग दिले. आमच्या पोरांपैकी किती जण ठरलेला पिवळा रंग सोडून स्वतःच्या कातडीचा रंग निवडतात, हे आम्ही मुद्दाम पाहिलं. मुली जवळजवळ कुणीच नाही, आणि ज्यांनी निवडला त्यांनी एक पायरी उजळ निवडला. यावर स्वतंत्र लेख होईल.

खूण हा प्रश्न आपल्याला नवा नाही, हे विसरू नका. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना काय सांगितलं होतं? लुगडं नेसण्याची पद्धत बदला, हातापायांतले ते दागिने टाका, ज्यांच्यावरून लांबूनच तुमची जात ओळखू येते ती खूणच नाहीशी करा. तेव्हा खूण लादलेली होती, म्हणून ती टाकायची होती. पुढे आपण आपली खूण आपणच निवडली. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघालं, निळा झेंडा आला, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हत्ती आला. बाबू हरदासांनी दिलेला जय भीम आधीच घराघरात पोचला होता. लादलेली खूण टाकणं आणि निवडलेली खूण मिरवणं, हे दोन्ही एकाच लढ्याचे भाग आहेत.

पण निवडलेल्या खुणेचीही किंमत मोजावी लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाचा खून झाला. कारण काय, तर फोनच्या रिंगटोनवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं. फोन खिशात होता. त्यातून आलेला आवाज ही त्याची खूण ठरली. ज्यांना वाटतं फोनमधली चिन्हं म्हणजे पोराटोरांचा चाळा, त्यांनी एवढी एक घटना आठवावी. आमच्या वस्तीतली तीन पोरं नोकरीसाठी अर्ज करताना इन्स्टाग्रामच्या नावापुढचं निळं हृदय काढून ठेवतात आणि जयंतीला परत लावतात. त्यांना भित्रं म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. आमच्या वस्तीतली एक मुलगी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, आजूबाजूला तशी बरीच आहेत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली की महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची मुदत संपत आली आहे. त्याखाली एका मुलाने दोन चित्रं टाकली: 🏛️🤵. खांब असलेली सरकारी इमारत, आणि सूट घातलेला नवरदेव. अर्ध्या मिनिटात दुसऱ्याने नवरदेव तीनदा टाकला. तिसऱ्याने निळं हृदय आणि विदूषक: 💙🤡. मग हसणाऱ्या तोंडांची रांग. ग्रुपवर साठच्या वर मुलं होती. एकही शब्द कुणी लिहिला नाही.

तुम्हाला कळलं का? वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या झटक्यात कळलं असेल, आणि त्यातच सगळं आलं. सरकारचे जावई. आपल्या आजोबांनी गावच्या पारावर ऐकलं, वडिलांनी ऑफिसात ऐकलं, आपण कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलं. ते दोन शब्द आता दोन चित्रं झाले. पारावरचा माणूस तोंडाने बोलायचा, साक्षीदार असायचे, शिवी शिवीच असायची. आता तीच शिवी नवरदेवाचा सूट घालून येते.

मुलीने ग्रुप सांभाळणाऱ्या सरांना सांगितलं. सरांचं उत्तर असं: "अगं, ते लग्नाचं चित्र आहे. तू उगाच मनाला लावून घेतेस."

या वाक्यावर थांबायला हवं. सांकेतिक शिवीची सगळी ताकद इथे आहे. तिला दोन दारं असतात. ज्याला लागायला हवी त्याला पुढच्या दारातून बरोबर लागते, आणि कुणी जाब विचारायला आला की मागच्या दारातून "चित्रच तर आहे" म्हणून निसटता येतं. मुलीच्या वाट्याला मात्र दुहेरी अपमान येतो. पहिला, जो साठ जणांसमोर झाला. दुसरा, तो सिद्ध करताना. कारण आता तिलाच अर्ज लिहून सांगायचंय की या चित्राचा अर्थ जावई, जावई म्हणजे फुकटे, आणि फुकटे म्हणजे आम्ही. शिवी देणाऱ्याने जे तोंडाने उच्चारलं नाही, ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. अपमान हा विषय गोपाळ गुरू यांनी गंभीरपणे विद्यापीठात नेला, २००९ साली त्यांनी संपादित केलेला ग्रंथ आला. आमच्या पोरीने तो वाचलेला नाही. "ते मला बोलले नाहीत, त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं," असं ती म्हणाली. आम्हाला दुसरी व्याख्या नको.

डॉक्टर पायल तडवीचं २०१९ चं प्रकरण आठवा. छळाच्या आरोपांत व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या टोमण्यांचाही उल्लेख होता. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण शिकायला गेलेल्या मुलीला वर्गाबाहेर, रात्री अकरा वाजता, खाटेवर पडल्या पडल्या गाठता येतं, हे या ग्रुपांचं नवेपण आहे. पारावरून उठून घरी तरी जाता यायचं.

मग कायदा काय म्हणतो? ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३(१)(र) लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाबद्दल आहे. कलम ३(१)(स) जातीवरून शिवीगाळ करण्याबद्दल. आणि ३(१)(यू) मध्ये लिहिलेले किंवा बोललेले शब्द, खुणा, दिसेल असं चित्रण किंवा अन्य कोणत्याही प्रकारे अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध शत्रुत्व, द्वेष पसरवणं हा गुन्हा आहे. खुणा आणि चित्रण हे शब्द कायद्यातच आहेत! त्यामुळे "चित्रच तर आहे" हे उत्तर कायद्यापुढे पुरेसं नाही. पुढचं ३(१)(व्ही) आपल्या समाजात आदराचं स्थान असलेल्या दिवंगत व्यक्तीच्या अनादराबद्दल आहे, बाबासाहेबांच्या फोटोंशी जे खेळ चालतात त्यांच्यासाठी ते लक्षात ठेवावं.

पण मित्रांनो, इथे उत्साहात उडी मारू नका. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे नेमका असाच विषय आला होता. बीएसएनएलच्या कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका महिला अधिकाऱ्याने टाकलेल्या व्हिडिओखाली सहकाऱ्यांनी हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड टाकलं. तिने तक्रार केली, इतर कायद्यांबरोबर ॲट्रॉसिटीचीही कलमं लागली. न्यायालयाने गुन्हा रद्द केला. इमोजी ही भावना व्यक्त करण्याची रीत आहे, तेवढ्यावरून गुन्हा होत नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडे या निकालाला शिव्या घालणारे आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. तो व्हिडिओ सेवेबद्दलच्या तक्रारीचा होता, जातीचा विषय तिथे नव्हता, आणि चित्र हसण्याचं होतं. हसण्याला गुन्हा ठरवलं तर उद्या तोच नियम आपल्यावर फिरेल. आमच्या पोरीचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे सूचना शिष्यवृत्तीची होती, माळ सरकार आणि नवरदेवाची होती, आणि शेवटी निळं हृदय विदूषकाशेजारी बसवलेलं होतं. एकेक चित्र सुटं करून पाहिलं तर तिथे काहीच नाही. क्रमाने वाचलं तर सगळं आहे. वकिलाला हेच पटवावं लागणार.

अजून दोन अडचणी सांगतो, म्हणजे कुणी फसणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात सांगितलं की अपमान लोकांच्या नजरेसमोर आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे या कारणाने झालेला असला पाहिजे. साठ जणांचा वर्गाचा ग्रुप म्हणजे लोकांची नजर का, यावर वाद होऊ शकतो. इंटरनेटवरच्या व्हिडिओबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये व्यापक अर्थ घेतला, तो आपल्या उपयोगाचा आहे. दुसरं, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाजन स्कारिया प्रकरणात ३(१)(यू) चा अर्थ लावला. एका व्यक्तीबद्दल बोललं तर ते कलम लागत नाही, समूहाविरुद्ध द्वेष असायला हवा. गंमत अशी की "सरकारचे जावई" ही शिवी एकट्यादुकट्याला नसतेच. ती पूर्ण समूहाला असते. आणि ग्रुपचा ॲडमिन? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याच्या मजकुरासाठी नुसता ॲडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा सरांवर गुन्हा दाखल करा अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. सरांना जाब कॉलेजने विचारायचाय.

पुराव्याचं तर आपल्या पोरांना सांगून सांगून थकलो. ग्रुपवर काही घडलं की पहिली गोष्ट काय करतात? रागाने ग्रुप सोडतात. आणि एक स्क्रीनशॉट काढतात, तोही फक्त त्या चित्राचा, वरची सूचना कापून. नेमकी तीच सूचना तर अर्थ देते! पूर्ण संभाषण, तारीख-वेळ, नावाऐवजी नंबर दिसेल असं ठेवा. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, पक्कं केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते द्यावं लागतं, दोन भागांत, त्यातला एक भाग तज्ज्ञाचा. त्यामुळे वकील आणि फोन दोन्ही पहिल्या दिवसापासून हवेत.

परदेशातल्या न्यायालयांनी चित्रांना गंभीरपणे घेतलंय हेही सांगून ठेवतो. इस्रायलमध्ये २०१७ साली एका जोडप्याने घरमालकाला शॅम्पेनची बाटली, खार, धूमकेतू अशी आनंदी माळ पाठवली आणि नंतर घर घेतलंच नाही. न्यायाधीशांनी त्या माळेवरून मालकाचा विश्वास बसला असं धरून आठ हजार शेकेल भरायला लावले. कॅनडात २०२३ साली एका शेतकऱ्याने कराराच्या फोटोखाली नुसता अंगठा 👍 टाकला, तो सही धरला गेला. म्हणजे पैशाचा व्यवहार असला की चित्राला अर्थ असतो. माणसाच्या इज्जतीचा प्रश्न आला की ते चित्रच तर असतं!

आणि ही दुधारी गोष्ट आहे हेही खरं. चीनमध्ये २०१८ साली बायकांनी लैंगिक छळाविरुद्ध बोलायला सुरुवात केली, सेन्सॉरने 'मी टू' हे शब्द अडवले, तेव्हा त्यांनी भाताची वाटी आणि ससा 🍚🐰 टाकायला सुरुवात केली, कारण चिनीत त्यांचा उच्चार 'मी तू' होतो. पॅलेस्टाइनचा झेंडा दाखवता येत नाही तिथे कलिंगडाची फोड 🍉 येते. दुर्बलांनीही सांकेतिक भाषा वापरली, शोषकांनीही वापरली. अमेरिकेत ज्यूद्वेष्ट्यांनी २०१६ च्या सुमारास ज्यू माणसाच्या नावाभोवती तीन-तीन कंस घालायला सुरुवात केली, म्हणजे टोळीला कळेल कुणावर तुटून पडायचं. मग हजारो ज्यूंनी आणि त्यांच्या मित्रांनी आपल्याच नावाभोवती ते कंस घातले. खुणेची धार गेली. साधन कुणाच्या बापाचं नसतं.

म्हणून आपल्या पोरांनाही दोन शब्द. बाईने काही लिहिलं की खाली चहाचा कप ☕ टाकून खिदळणारे आपल्याही ग्रुपवर आहेत, आणि त्यांच्या नावापुढे निळं हृदय असतं. "बायका म्हणजे अशाच" हा त्या कपाचा अर्थ आहे आणि तो तुम्हाला पक्का ठाऊक आहे. मनुस्मृती जाळणाऱ्याच्या नावाचा जयजयकार करून तिचाच एक श्लोक कपातून पाजायचा, हे चालणार नाही. आपल्यातल्याच इतर अनुसूचित जातींच्या पोरांवर झाडूची आणि चपलेची चित्रं टाकणारेही आम्ही पाहिलेत. ते ग्रुपवरून काढले गेले, आणि त्याबद्दल आम्हाला जराही वाईट वाटत नाही.

यंदाच्या वर्षावासात, रविवारी ग्रंथवाचन झाल्यावर, विहारात आम्ही एक वही ठेवायला सुरुवात केली. नेटफ्लिक्सवरची 'ॲडोलसन्स' ही ब्रिटिश मालिका काही पोरांनी पाहिली होती. त्यात तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप असतो, आणि इन्स्टाग्रामवरच्या गोळी, शंभराचा आकडा, राजमा अशा चित्रांचा अर्थ तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला त्याचा स्वतःचा मुलगा समजावून सांगतो. बापाला ते दिसत होतं, वाचता येत नव्हतं. आमच्याकडे ही वाट पाहायची नाही, असं ठरलं. वहीत चार रकाने आहेत. काय टाकलं, कुणी कुणाला, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि आपल्या मते अर्थ काय. पोरं भरतात, आयाबाया विचारतात. एका आजीने विदूषकाकडे बोट दाखवून "हा तमाशातला सोंगाड्या का?" असं विचारलं. पोरं हसली, पण वहीत तिचाही अर्थ लिहिला गेला. तिसरा रकाना सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि आम्ही तोच भरायला लावतो.

मुलीने प्राचार्यांकडे अर्ज केला. पोलिसांत जायचं की नाही ते ती ठरवेल. तिचे वडील गोदामात रात्रपाळी करतात, आई नको म्हणते, आणि परीक्षा तोंडावर आहे. हा निर्णय आम्ही तिच्यावतीने घेणार नाही. कॉलेजने दोन गोष्टी केल्या. ग्रुपवर आता फक्त ॲडमिनला लिहिता येतं, म्हणजे शिवी देणारे आणि खाणारी दोघंही सारखेच गप्प. आणि तिला समितीपुढे बोलावलं. ती छापील संभाषण घेऊन गेली, सूचनेपासून शेवटच्या हसण्यापर्यंत, एकही ओळ न कापता. समितीतल्या एका मॅडमनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "यात नेमकं आक्षेपार्ह काय आहे?"

तिने कागद परत घेतला नाही. त्या तीन मुलांची नावं सांगितली आणि म्हणाली, "मॅडम, अर्थ मी नाही सांगणार. त्यांना बोलवा आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगा."

मुलांना पुढच्या सोमवारी बोलावलंय.